तापवले की भोक मोठे होते

लोखंडी पत्र्यातले भोक तापवल्यावर लहान होते की मोठे? वर्गात विचारून पाहावे. अनेक मुले 'लहान' म्हणतील. बैलगाडीचे चाक करणाऱ्या लोहाराला मात्र खरे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. चाकापेक्षा किंचित लहान धाव तो लालबुंद तापवून चढवी आणि पाणी ओतून आवळी.

1902 साली फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी आजच्या धर्तीचा ड्रम ब्रेक केला. 1972 साली आलेल्या चेतक स्कूटरलाही ड्रम ब्रेकच होते. 1985 साली औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाळूजला बजाजचा दुचाकींचा कारखाना सुरू झाला. पेट्रोलवरच्या चेतकचे उत्पादन केव्हाच थांबले. जुन्या गाड्या उरल्या.

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या अशा गाडीचा मागचा ड्रम नट काढूनही आसावरून निघत नाही. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो, म्हणून तो फटीत पाचरीसारखा बसतो. हातोडा मारला तर ड्रम तडकण्याची भीती. म्हणून आम्ही ड्रमच्या मध्यभागी उकळते पाणी ओततो. लोखंडातले 20 मिलिमीटरचे भोक 70 अंशांनी तापले, तर सुमारे 0.017 मिलिमीटरने वाढते. आस तापण्याआधी ड्रम ओढला, तर गंजाची पकड सुटायला पुष्कळदा एवढे पुरते. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. आतली धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

शाळेत गोळा-कड्याचा प्रयोग करताना आपण गोळा तापवतो. तो कड्यात अडकला, की या वेळी कडे तापवून पाहावे.