‘दूध आटलं’ या निकालाविरुद्ध

जन्मल्यावर आजारी पडून काही दिवस पेटीत राहिलेलं बाळ घरी येतं, अंगावर ओढत नाही, आणि दोन-चार दिवसांत निकाल लागतो: आईचं दूध आटलं, आता वरचं दूध सुरू करा. हा निकाल सासू देते, शेजारीण देते, कधी दवाखान्यातला माणूसही देतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत बाळंतिणीच्या बाबतीत एवढा परिणाम करणारं आणि एवढं कमी तपासलं गेलेलं दुसरं वाक्य मला माहीत नाही.

या मताची बाजू आधी नीट मांडू. बाळ आठ-दहा दिवस सलाईनवर आणि नळीवर होतं. आई मुळातच रोडावलेली, अंगात रक्त कमी, त्यात बाळंतपणाचं पथ्य. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी घट्ट झाली, मग आपोआप मऊ पडली. आता बाळ छातीशी धरलं की रडून लाल होतं आणि बाटली दिली की शांतपणे पितं. पुरावा डोळ्यांसमोर आहे, असं घरचे म्हणतात. त्यांनी पाहिलेलं सगळं खरं आहे. निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे.

पहिलं उत्तर गडचिरोलीनेच दिलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांत नवजात बाळांवर घरीच उपचार करण्याचा प्रयोग केला. गावातल्या आरोग्यदूत बायांना जंतुदोष ओळखायच्या खुणा शिकवल्या होत्या. त्यांतली एक अशी: आधी नीट ओढणारं बाळ कमी ओढू लागलं किंवा ओढायचं थांबलं. रडणं क्षीण होणं, सुस्त पडणं, अंग तापणं किंवा गार पडणं यांच्याच रांगेत ती होती. दोन खुणा एकदम दिसल्या की जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने औषध. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. जंतुदोष झालेल्या बाळांतला मृत्यूचा दर १६.६ टक्के होता, तो या उपचारानंतर २.८ टक्क्यांवर आला. म्हणजे दूध न ओढणं हे आधी बाळाच्या आजाराचं लक्षण आहे, हे याच जिल्ह्यात, याच खेड्यांत पक्कं झालं आहे. तरीही आजार बरा झाल्यावर त्याच लक्षणाचा दोष आपण आईच्या अंगावर टाकतो. आणि घरी आल्यावर बाळाने पुन्हा ओढणं कमी केलं, तर दूध पावडरचा डबा आणायच्या आधी बाळ तपासायला हवं, हेही विसरतो.

दुसरं उत्तर शरीराच्या कामाचं. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस दूध येतं ते रक्तातल्या संप्रेरकांच्या बदलामुळे. बाळ जवळ असो वा नसो, ते येतंच. त्यानंतर मात्र हिशेब बदलतो. जेवढं निघेल तेवढं बनतं, आणि छाती भरलेली राहिली की दूध बनवणं मंदावतं. पेटीतल्या बाळाची आई दिवस-रात्र मिळून आठेक वेळा, रात्रीसुद्धा, हाताने दूध काढत राहिली तर ओघ टिकतो. नाही काढलं तर आठवड्याभरात कमी होतो. त्या आठ-दहा दिवसांत तिला हे कुणी सांगितलं होतं का, वाटी हातात दिली होती का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. शिवाय भीती, दुखणं आणि जागरण यांनी पान्हा फुटायला वेळ लागतो. दूध आत असतं, उतरत नाही. आणि छाती मऊ पडली याचा अर्थ ती रिकामी झाली असा नाही. सुरुवातीची सूज ओसरली की भरपूर दूध असलेल्या आईचीही छाती मऊच असते.

‘वाळकी आहे, तिला कुठून दूध येणार?’ हा तिसरा आधार सर्वांत जुना आणि सर्वांत क्रूर. पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियात, जिथे शेतात राबणाऱ्या बायांना अनेक महिने पोटभर खायला मिळत नव्हतं, तिथे झालेल्या दीर्घ अभ्यासांतून दिसलं की अशा बायांच्याही दुधाचं प्रमाण फारसं घटत नाही. शरीर दूध राखतं आणि स्वतः झिजतं. म्हणून बाळंतिणीला पोटभर वरण-भात, भाजी, अंडी मिळालीच पाहिजेत, पण ती तिच्यासाठी. दूध येत नाही म्हणून तिला कमी लेखायचं आणि पथ्याच्या नावाखाली अर्धपोटी ठेवायचं, हा दुहेरी अन्याय आहे.

बाटलीचं म्हणाल, तर ती कष्टाशिवाय वाहते. आजारातून उठलेलं बाळ लवकर थकतं. सोप्या धारेची सवय लागली की छातीशी चिडतं. म्हणून वरचं द्यायचंच तर वाटी-चमच्याने किंवा आजीच्या काळच्या बोंडल्याने द्यावं.

एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी. काही आयांचं दूध पूर्ण परतत नाही. काही बाळांना, विशेषतः जन्मताना गुदमरून मेंदूला इजा झालेल्यांना, ओढणं आणि गिळणं फार काळ जमत नाही. बाळाला उपाशी ठेवून दूध वाढवायचा हट्ट हा ‘आटलं’ म्हणण्याइतकाच चुकीचा आहे. बाळाच्या पोटात पुरेसं दूध जाणं पहिलं. आणि मनापासून प्रयत्न करूनही ज्या आईला वरचं द्यावं लागलं, तिच्याकडे बोट दाखवायचा अधिकार कुणालाच नाही.

पण पहिल्याच आठवड्यात डब्यावर जाणं इथे महाग पडतं. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. डबा संपत आला की पावडर पातळ होते, पाणी उकळायला सरपण लागतं, आणि जुलाब लागलेल्या बाळाला घेऊन गाठायचा दवाखाना लांब असतो.

दूध परत आणता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली यावरच एक पुस्तिका काढली. बाळ उघड्या अंगाने आईच्या छातीशी तासन् तास ठेवायचं. भुकेने कळवळायच्या आधी, अर्धवट झोपेत असताना, पाजायला घ्यायचं. बारीक नळीचं एक टोक स्तनाग्राजवळ, दुसरं दुधाच्या वाटीत. बाळ ओढतं तेव्हा त्याला नळीतून दूध मिळतं आणि आईच्या छातीला चालना मिळते. वाटी खाली-वर करून धार कमी-जास्त करता येते. आईचं वाढत जाईल तसं वाटीतलं कमी करायचं. याला कधी काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी आणि वजनकाट्यावरची वाढ, हाच भरवशाचा पुरावा. तो वजनकाटा आशाताईच्या पिशवीत असतो.

मुळात ही वेळ येऊ न देणंही शक्य आहे. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत कमी वजनाच्या बाळांना जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवून पाहिलं गेलं. २०२१ साली निष्कर्ष आले: महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर उतरलं. आई बाळाजवळ असणं हा उपचाराचाच भाग आहे. तिला व्हरांड्यात बसवून ठेवणाऱ्या व्यवस्थेने नंतर तिचं दूध आटल्याचं सांगू नये.

आजारी नवजातांच्या प्रत्येक कक्षात पहिल्याच दिवशी आईला हाताने दूध काढायला शिकवावं, तिची झोपायची आणि जेवायची सोय बाळाजवळ करावी, आणि सुट्टी झाल्यावर पहिला आठवडाभर आशाताईने रोज घरी जावं, त्या कामाचा वेगळा मोबदला तिला मिळावा. दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे ही मागणी आहे. घरच्यांकडे एवढीच: निकाल द्यायच्या आधी तिला तीन आठवडे, पोटभर जेवण आणि घरकामातून सुटका द्या.