माथेरानच्या रात्री

माथेरानचे दिवस सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. नेरळहून वळणं घेत चढणारी गाडी, घोडे, लाल माती, चिक्की आणि हातातला खाऊ पळवणारी माकडं! आमच्या घरी मात्र गप्पा निघतात त्या माथेरानच्या रात्रींच्या. लग्नकार्याला चार नातलग जमले की कुणीतरी सुरू करतंच, "तुला आठवतं का गं, त्या रात्री..."

आधी थोडा इतिहास. (मास्तरीण आहे, खोड जायची नाही!) १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढला आणि वरची थंड हवा पाहून खूश झाला. पुढे गव्हर्नर एल्फिन्स्टनसाहेब आले, त्यांच्यामागे मुंबईचे पारशी, बोहरी, गुजराती शेठ आले. बंगले झाले, हॉटेलं झाली. ऑलिंपिया मैदानावर घोड्यांच्या शर्यती होऊ लागल्या. १९०७ साली सर आदमजी पीरभॉय यांनी स्वखर्चाने बांधलेली दोन फुटी रेल्वे सुरू झाली. गावात मोटारींना मात्र बंदीच राहिली.

रात्रीच्या गमतींचं मूळ या बंदीत आहे असं मला वाटतं. शेवटची गाडी खाली गेली की आलेला माणूस वरच अडकायचा. ना सिनेमा, ना बाजार, आणि झाडी इतकी दाट की चांदणंसुद्धा गाळून खाली यायचं. मग हॉटेलात तंबोला, व्हरांड्यात पत्ते, अंगणात शेकोटी आणि गाण्यांच्या भेंड्या. नवी लग्न झालेली जोडपी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून निघायची आणि बॅटरीचा सेल संपला म्हणून तासाभराने परतायची. आमच्या एका आत्याने भेंड्यांत हरायला लागल्यावर कंदीलच विझवला होता, हे ती मरेपर्यंत नाकारत राहिली.

ऐंशीच्या दशकात मी शाळेची सहल घेऊन गेले होते. नववीच्या मुलांनी ठरवलं, पांढऱ्या चादरी घेऊन मुलींना घाबरवायचं. मुलींनीही नेमकं तेच ठरवलेलं! मध्यरात्री मागच्या पडवीत दोन्हीकडची भुतं समोरासमोर आली आणि त्यांच्या पायाशी जमिनीवरून तिसरीच चार भुतं उठून बसली. जी किंकाळी उठली, ती ऐकून आसपासची कुत्रीही जागी झाली. ती चार भुतं म्हणजे डोक्यापर्यंत पांघरूण घेऊन झोपलेले हातरिक्षावाले. त्यांतला म्हातारा एवढंच म्हणाला, "पोरांनो, निजा आता. आम्हाला पहाटे वझी हायेत."

मुलं खजील झाली. मी मात्र त्या वाक्यावर पुष्कळ दिवस विचार करत होते. रिक्षाला पुढे एक ओढणारा, मागून दोघे ढकलणारे, आणि आत बसलेलं आमच्यासारखं कुणीतरी. आपण ज्याला माथेरानची रात्र म्हणतो ती हौसेची. त्यांची रात्र म्हणजे परक्याच्या पडवीत मिळालेली चार तासांची झोप. आपल्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. त्यांच्या कुणी विचारल्याच नाहीत.

अशाच कष्टकरी घरातला या गावचा एक मुलगा इतिहासात मात्र गेला. १९१२ साली माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात जन्मलेले विठ्ठल कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल. ते वकील झाले, इथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. बेचाळीसच्या लढ्यात त्यांनी 'आझाद दस्ता' उभारला आणि मुंबईला वीज नेणारे मनोरे रातोरात पाडायला सुरुवात केली. हवा स्वच्छ असली की माथेरानच्या हार्ट पॉइंटवरून मुंबईकडचे दिवे दिसतात. पाहुणे ते हौसेने बघायचे. याच गावच्या पोराने त्या दिव्यांची वीज तोडली! २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. वय अवघं तीस.

आणि हातरिक्षा? डिसेंबर २०२२ मध्ये माथेरानला ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून धावल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश दिला. बातमी वाचली तेव्हा मला पडवीतला तो म्हातारा आठवला. तो हे बघायला असेल असं वाटत नाही.

असो. त्या सहलीतली मुलं आता पन्नाशी ओलांडून गेलीत. भेटली की भुतांची गोष्ट रंगवून सांगतात, आणि "वझी हायेत" हे वाक्य न चुकता म्हणतात. तेवढं तरी त्यांनी लक्षात ठेवलं, हे मला बरं वाटतं. तुमच्या घरात माथेरानच्या रात्रींच्या गोष्टी असतील, तर त्यांत सामान कुणी वाहिलं होतं तेही आठवून बघा. आणि आठवलं तर मला जरूर कळवा.