नाव नीट लिहा

धानाचे परे टाकायच्या घाईतही तुम्ही रेडिओजवळ बसल्या आहात, म्हणून गोष्ट लांबवत नाही. गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची आहे, पण तुमच्या-माझ्या रजिस्टरात रोज घडते तशी. गोष्ट आहे नावाची.

मुंबईत 1894 साली एक मुलगा जन्मला. नाव श्रीकृष्ण चंद्र वेलिंगकर. पुढं तो शिकायला इंग्लंडात केंब्रिजला गेला. 1914 मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. विमान तेव्हा नवीनच होतं, लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणलेलं कापड. इंग्रजांच्या वैमानिकांना उडी मारायला छत्रीसुद्धा दिलेली नसे. विमान पेटलं की सुटका नाही. आणि हिंदी पोराला वैमानिक अधिकारी करायला इंग्रज सहजी तयार नव्हते. खटपट करून चार-पाच जणच आत शिरले. बंगालचा इंद्रलाल रॉय, पंजाबचा हरदितसिंग मलिक आणि आपला वेलिंगकर हे त्यांतले. रॉय एकोणीस वर्षांचा असताना लढाईत मेला.

वेलिंगकर फ्रान्समध्ये तेवीस नंबरच्या तुकडीत होता. 'डॉल्फिन' नावाचं, एकाच माणसाला बसता येईल असं लढाऊ विमान चालवायचा. 27 जून 1918 ला तो उडाला आणि परतला नाही. जखमी होऊन जर्मनांच्या हाती सापडला आणि तीन दिवसांनी, 30 जूनला, मेला. वय तेवीस. आपल्या गावातली पोरं त्या वयात लग्नाला उभी राहतात.

शत्रूनं त्याला पुरलं, वर लाकडी क्रॉस उभा केला. पण क्रॉसवर नाव लिहिलं 'वुमकर'. जर्मन शिपायाला मराठी आडनाव काय कळणार? त्यानं कानाला लागलं, डोळ्यांना दिसलं तसं लिहिलं. आता विचार करा. इकडच्या यादीत वेलिंगकर बेपत्ता. तिकडं मातीत वुमकर. वेलिंगकरची वाट बघणारी माणसं आहेत, पण त्याची कबर नाही. वुमकरची कबर आहे, पण त्याला रडणारं कोणी नाही. माणूस एकच, मधे फक्त अक्षरांचा घोळ.

युद्ध संपल्यावर चौकशा झाल्या, कागदाला कागद लावून पाहिले, तेव्हा वुमकर म्हणजेच वेलिंगकर हे सिद्ध झालं. आज फ्रान्समधल्या हँगार्ड गावच्या कब्रस्तानात त्याच्या दगडावर त्याचं खरं नाव आहे. शेजारी कॅनडा, ब्रिटनची तेवढ्याच वयाची पोरं झोपली आहेत. त्यांतल्या कितीतरी दगडांवर नावच नाही.

वेलिंगकर शिकलेला होता, अधिकारी होता, म्हणून त्याच्यासाठी कोणीतरी कागद हलवले. साध्या शिपायाचं काय झालं? याच युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात लढल्या. कुत गावाला शत्रूचा वेढा पडला तेव्हा त्या उपाशीपोटी आत अडकल्या होत्या. तिकडं मेलेल्यांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक बांधलं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. पण साध्या हिंदी शिपायांचा नुसता आकडा लिहिला. अमुक पलटणीचे इतके, बस. कोणाच्या तरी आईनं बारशाला कानात सांगितलेलं नाव, त्याचा आकडा झाला. 2021 मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी, या कबरींचा कारभार पाहणाऱ्या आयोगानं अशा भेदभावाची कबुली दिली आणि माफी मागितली.

दुसऱ्या महायुद्धात रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचा यशवंत घाडगे इटलीत लढला. 10 जुलै 1944 ला त्याचे सगळे साथीदार पडल्यावर तो एकटाच मशीनगनवर धावून गेला, ती बंद पाडली आणि तिथंच गोळी लागून मेला. वय बावीस. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हा सर्वांत मोठा मान मरणानंतर मिळाला. त्याची कबर सापडली नाही, पण कॅसिनोच्या स्मारकावर त्याचं नाव कोरलेलं आहे. नाव आहे म्हणून आज आपण ते घेतो.

हे सगळं मी का सांगते? आमच्या गटात एका बाईचं नाव आधार कार्डावर एक, पासबुकावर दुसरं आणि सातबाऱ्यावर नाहीच. ती म्हणते, "जाऊ द्या ताई, एका अक्षरानं काय बिघडते?" बिघडते, बाई. त्या एका अक्षरापायी पैसे अडकतात, वारस नोंद अडकते. जिवंतपणी नीट न लिहिलेलं नाव मेल्यावर कोण शोधत बसणार? आपल्यातल्या कितीजणींना गटात येईपर्यंत कोणी नावानं हाकच मारली नव्हती. अमक्याची आई, तमक्याची सून. पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं ते बचत गटाच्या रजिस्टरात, सही म्हणून. तेव्हा हात किती थरथरला होता, आठवतं ना?

म्हणून येत्या बैठकीत दोन कामं करा. प्रत्येकीनं आपली सगळी कागदं आणावीत आणि नाव अक्षर-अक्षर जुळवून पाहावं. जिथं चूक असेल तिथं दुरुस्तीचा अर्ज गटानं मिळून भरावा. आणि रजिस्टरचं एक पान कोरं ठेवा. गावातून कोणी पलटणीत गेलं होतं का, परतलं का, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि त्या पानावर लिहा. त्याच्या नावाशेजारी त्याच्या बायकोचं नाव लिहा, आईचं लिहा. वाट तर त्यांनीच पाहिली होती.

लिहाल ते नीट लिहा. कोणाचा वुमकर होऊ देऊ नका.