कोणाच्या नावावर?

जमीन जागची हलत नाही. हलते ते तिच्यावरचे नाव. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना 6 या नावाची जी फेरफारांची नोंदवही असते, तीत नोंद पडून मंजूर झाली की सात-बारावरचे जुने नाव कंसात जाते आणि नवे नाव चढते. बांधाला, विहिरीला किंवा बांधावरच्या आंब्याला या घडामोडीची गंधवार्ताही नसते. संगणकाच्या डेटाबेसमधले एखादे टेबल एका स्कीमातून, म्हणजे टेबलांच्या एका नावाच्या गटातून, दुसऱ्या स्कीमात नेणे हा व्यवहार बव्हंशी याच जातीचा आहे. मात्र तो इतका सुकर व्हायला पस्तीस वर्षे लागली, आणि या विलंबाचे कारण यांत्रिक नसून मालकी व ठिकाण या दोन कल्पनांची एकमेकींत बसलेली गाठ हे होते, असे माझे मत आहे.

'स्कीमा' हा शब्द मूळचा ग्रीक, आकृती किंवा घाट या अर्थाचा. कोडासिल या संस्थेच्या अभ्यासगटाने 1971 साली जो अहवाल सादर केला, त्यात हा शब्द संपूर्ण डेटाबेसच्या वर्णनासाठी योजलेला होता. म्हणजे तेव्हा स्कीमा हा अख्ख्या वाड्याचा नकाशा होता, त्यातली एक खोली नव्हे. त्याच सुमारास, 1970 च्या जूनमध्ये, आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी माहिती कोष्टकांच्या रूपाने मांडण्याचा आपला सुप्रसिद्ध सिद्धांत प्रकाशित केला, आणि 1974 साली चेंबरलिन व बॉइस या त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या सिद्धांताला अनुसरून 'सीक्वेल' नावाची प्रश्नभाषा रचली, जी पुढे नावाच्या हक्कावरून अडचण आल्यामुळे आपली काही अक्षरे गमावून 'एसक्यूएल' झाली.

या भाषेचे पहिले अमेरिकी प्रमाणक 1986 साली निघाले, आणि त्यात स्कीमाला स्वतःचे नावच नव्हते. ज्या वापरकर्त्याच्या अधिकाराने तो निर्माण होई, त्याच्याच नावाने तो ओळखला जाई. वतनदार तोच वतनाचे नाव, असा हा कारभार. ओरॅकल या डेटाबेस प्रणालीत ही परंपरा अद्याप अबाधित आहे, आणि मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्येही 2000 सालच्या आवृत्तीपर्यंत टेबलाच्या नावाआधी त्याच्या मालकाचेच नाव लागत असे. आता एखादा कारकून नोकरी सोडून गेला, तर त्याचे खाते बंद करावे म्हटले तरी करता येईना, कारण त्याच्या नावावर टेबले उभी. ती दुसऱ्याच्या नावावर करावीत, तर प्रत्येक टेबलाचे पूर्ण नाव बदलणार, आणि त्या नावाने हाक मारणारा प्रत्येक प्रोग्रॅम तोंडघशी पडणार. या गैरसोयीवर लोकांनी काढलेला तोडगा मोठा मौजेचा होता: सगळेच काही 'डीबीओ' या सरकारी मालकाच्या नावावर करून टाकायचे. खासगी मालकीचा प्रश्न सर्व जमीन खालसा करून सोडवावा, तसलाच हा उपाय.

वास्तविक 1992 च्या सुधारित प्रमाणकाने ही गाठ कागदोपत्री सोडवली होती. स्कीमाला स्वतंत्र नाव मिळाले, मालकाचा उल्लेख वेगळा झाला, आणि कॅटलॉग, स्कीमा, वस्तू अशी त्रिपदी नामरचना प्रस्थापित झाली. परगणा, मौजा, सर्व्हे नंबर म्हणावे तशी. परंतु प्रमाणक आणि अंमल यांच्यातील अंतर सर्वत्र सारखेच लांब असते. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत स्कीमा अवतरले ते 2002 च्या नोव्हेंबरात, 7.3 या आवृत्तीत. आणि मग 2005 च्या नोव्हेंबरात असा योग आला की, 7 तारखेला मायक्रोसॉफ्टने स्कीमा आणि वापरकर्ता यांची फारकत करणारी एसक्यूएल सर्व्हरची नवी आवृत्ती समारंभपूर्वक जाहीर केली, आणि 8 तारखेला पोस्टग्रेसची 8.1 ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. पहिल्यात 'अल्टर स्कीमा… ट्रान्सफर' असा हुकूम होता, दुसरीत 'अल्टर टेबल… सेट स्कीमा' असा. एकमेकांशी सुतराम संबंध नसलेल्या दोन दफ्तरांनी लागोपाठच्या दोन दिवशी एकाच फेरफाराची सोय करून द्यावी, हा योगायोग मला अजून गमतीचा वाटतो.

हुकूम एका ओळीचा. टेबलात दहा ओळी असोत की दहा कोटी, पोस्टग्रेस आपल्या अंतर्गत सूचीतील त्या टेबलाच्या नोंदीपुढचा स्कीमाचा क्रमांक तेवढा पालटते. त्याचे इंडेक्स आणि निर्बंध बिऱ्हाडासह मागोमाग जातात. त्या टेबलावर रचलेले व्ह्यूसुद्धा बिघडत नाहीत, कारण त्यांना टेबल ठाऊक असते ते नावाने नव्हे, क्रमांकाने. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मात्र एक ग्यानबाची मेख आहे: स्थलांतर होताच त्या वस्तूवर दिलेल्या सर्व परवानग्या रद्द होतात. हे मी एका रात्री अनुभवाने शिकलो. टेबल हलवले, मोजून पाहिले, सर्व ओळी जागच्या जागी. समाधानाने घरी गेलो. सकाळी हिशेबखात्यातून निरोप आला की एकही अहवाल उघडत नाही. मालमत्ता नव्या नावावर चढली होती आणि जुन्या कुळांचे हक्क कोणाला न विचारता खारीज झाले होते. तेव्हापासून हलवण्याआधी परवानग्यांची याददास्त लिहून घेण्याची सवय मला लागली आहे.

मायएसक्यूएलविषयी फार सांगण्यासारखे नाही; तिथे स्कीमा आणि डेटाबेस हे समानार्थी शब्द, आणि टेबलाचे नुसते नाव बदलून ते हलवता येते, फक्त त्याला ट्रिगर जडलेला नसावा. ओरॅकलमध्ये मालक म्हणजेच स्कीमा असल्यामुळे टेबल हलवण्याचा सरळ हुकूमच नाही. तिथे टेबलाची नक्कल बाहेर काढून ती दुसऱ्याच्या नावे आत घ्यावी लागते, आणि त्यासाठी दहाव्या आवृत्तीपासून डेटा पंपात 'रीमॅप स्कीमा' ही तजवीज आहे. म्हणजे तिथे खरोखरच माती उकरून दुसऱ्या शिवारात न्यायची.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेला प्रोग्रॅम, हलवली की आणखी एक विलक्षण गोष्ट घडते. सूचीत तिचा पत्ता नवा होतो, परंतु तिची मूळ संहिता उघडून पाहिली, तर पहिल्याच ओळीत जुन्या स्कीमाचे नाव जसेच्या तसे असते, कारण संहिता हा निर्मितीच्या वेळचा दस्त आहे आणि हुकूम त्याला हात लावत नाही. म्हणूनच जाणते लोक प्रोसिजर हलवण्याच्या भानगडीत पडत नाहीत. जुनी काढून टाकतात आणि नव्या जागी नव्याने लिहितात. ज्यांनी तसे केले नाही, त्यांच्या दफ्तरात पाच-सात वर्षांनी डोकावले, तर एखाद्या प्रोसिजरच्या कपाळावर केव्हाच मोडीत निघालेल्या मालकाचे नाव अजून वाचायला मिळते, आणि तिथे कंस करायला कोणी तलाठी फिरकलेला नसतो.