ज्या गावी इमारती चालतात

मुलांना आपले जुने घर दाखवावे, ही हौस कोणत्या आईबापांना नसते? आमचे ते घर गिरगावात नव्हते की कोकणात नव्हते. ते होते शांघायच्या एका गल्लीत. ह्यांच्या नोकरीनिमित्त २००५ ते २००९ अशी चार वर्षे आम्ही दोघांनी तेथे संसार केला. परत आलो, दोन मुले झाली, आणि निजताना राजाराणीऐवजी त्या गल्लीचीच गोष्ट सांगायची, असा घरात पायंडा पडला. अखेर २०२४च्या मार्चमध्ये दहा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचे चिरंजीव यांना घेऊन आम्ही निघालो. सरळ विमाने तेव्हा बंद होती. बँकॉकला उतरून, पेंगणाऱ्या पोरांना दुसऱ्या विमानात घालून एकदाचे पोहोचलो.

गल्ली जागेवर नव्हती.

"रस्ता चुकला असेल," असे हे तीनदा म्हणाले. पण कोपऱ्यावरचे, चिनाराच्या कुळातले ते झाड ओळखीचे होते. त्याच्या मागे निळा पत्रा ठोकलेला, आणि पत्र्याच्या पलीकडे मान मोडेपर्यंत उंच इमारत. "ह्यातलं आपलं घर कोणतं?" चिरंजीवांनी विचारले. काय सांगणार?

त्या घरांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १८४२च्या नानकिंगच्या तहाने इंग्रजांनी चीनकडून पाच बंदरे उघडून घेतली, त्यांत शांघाय एक. पुढे ताइपिंग बंडाच्या धामधुमीत हजारो चिनी कुटुंबे परकीयांच्या वस्तीत आश्रयाला आली. त्यांच्यासाठी घरे बांधून भाड्याने देणे हाच मग एक किफायतशीर धंदा झाला. दगडी चौकटीचे दार, आत चिमुकले अंगण, आणि अशा घरांच्या ओळी एका गल्लीला खेटून. एका कुटुंबासाठी बांधलेल्या घरात पुढे चार-चार बिऱ्हाडे शिरली. आमच्या खालच्या स्वयंपाकघरात तीन चुली होत्या आणि दिवेही तीन, कारण प्रत्येक बिऱ्हाडाचे विजेचे बिल निराळे! दुसऱ्याच्या दिव्याखाली भाजी चिरायची नाही, हा अलिखित कायदा. चाळीत वाढलेल्या मला तो समजावून सांगावा लागला नाही.

तो मला हातवाऱ्यांनी सांगू पाहणारी शेजारीण म्हणजे आमची अपो. अपो म्हणजे तिकडची आजी. तिने मला मोमोच्या काकासारखे वाफेचे भरले गोळे करायला शिकवले. मी तिला चहात आले घालायला शिकवले, ते मात्र तिला कधीच पटले नाही.

दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या बंडवर गेलो. तेथे हिरव्या टोपीची एक इमारत आहे. ती १९२९ साली व्हिक्टर ससून यांनी बांधली. नाव ऐकताच मुलगी म्हणाली, "आपल्या डॉकवाले ससून?" होय, तेच घराणे. बगदादहून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससूननी १८४४ साली आपल्या मुलाला, इलायसला, चीनच्या व्यापारावर पाठवले. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जाई, आणि या घराण्याने तीत अमाप पैसा केला. ससूनच कशाला? ज्यांच्या इस्पितळात माझा जन्म झाला, ते सर जमशेटजी जीजीभाई यांची दौलतही चीनच्या कापूस-अफूच्या व्यापारातली. अफू म्हणजे काय, हे दहा वर्षांच्या मुलीला सांगताना मी जरा अडखळले. तिने शांतपणे ऐकून घेतले नि विचारले, "मग अपोला माहीत होतं का, आपण मुंबईचे आहोत ते?" माहीत होते. तिने कधी विषय काढला नाही, आणि मलाही तो कधी सुचला नव्हता, हे आता कबूल करते.

जवळच सुचौ खाडीवरचा १९०७चा पोलादी पूल आहे. २००८मध्ये तो दोन तुकड्यांत उचलून, तराफ्यांवर घालून दुरुस्तीला नेला होता. पुढल्या वर्षी आमच्या डोळ्यांदेखत परत जागेवर बसला. ही हकीकत चिरंजीवांच्या खास आवडीची. तिच्या जोडीला यंदा वडिलांनी नवी पुरवली: १९३५ साली बांधलेली एक पाच मजली शाळा, वजन ७,६०० टन, २०२०मध्ये १९८ यांत्रिक पायांवर उभी करून अठरा दिवसांत ६२ मीटर चालवत नेली.

"शाळा चालली, मग आपलं घर का नाही चाललं?"

हे माझ्याकडे पाहू लागले, मी त्यांच्याकडे. सोयीचे उत्तर देता आले असते. पण खरे असे की, चालवत नेण्यापुरती मोलाची घरे कोणती, ते भाडेकरू ठरवीत नसतात. आणि दुसरेही खरे असे की, २००९मध्ये गल्ली पाडणार अशी आवई उठली तेव्हा अपो खूश होती. पहाटे शौचाचे भांडे हातात घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जायचा तिला कंटाळा आला होता. दार लावून अंघोळ करता येईल, एवढीच तिची मागणी. गल्लीचे गोडवे गाणारी मी. मला चार वर्षांनी निघून जायचे होते.

ती कोणत्या उपनगरात गेली, ते झाडाजवळच्या दुकानातल्या नव्या माणसाला ठाऊक नव्हते. त्याने भिंतीवरच्या चौकोनी ठिपक्यांकडे बोट दाखवून पैसे तेवढे घेतले.

संध्याकाळी दोन युआनची तिकिटे काढून नावेने पलीकडे पूतुंगला निघालो. तिकडच्या खोलीपेक्षा अलीकडची खाट बरी, अशी जुन्या शांघायकरांची म्हण होती. १९९०मध्ये सरकारने पूतुंगच्या विकासाची घोषणा केली आणि म्हणीची दैना झाली. आम्ही गाव सोडले तेव्हा ज्या मनोऱ्याचा पाया खणत होते, तो आता ६३२ मीटर उभा होता. मुले कठड्याला लोंबकळून त्याचे मजले मोजत होती. मी पाठ फिरवून अलीकडच्या काठावर आमचे झाड दिसते का, ते पाहत होते. एवढ्यात चिरंजीवांनी पदर ओढला.

"आई, त्रेचाळीसपर्यंत मोजले होते. तू हललीस आणि चुकलं."

मग दोघे मिळून पहिल्यापासून मोजू लागलो.