सोलापूर ते तुळजापूर : एका रस्त्यावरची दोन सरकारं

मंडळी, सोलापूरहून तुळजापूर साधारण पंचेचाळीस किलोमीटर. कोजागरीला आपली माणसं चालत जातात. गाडीने जाताना जिल्हा कधी बदलला, हे लक्षातही येत नाही. पण १९४८ पर्यंत याच वाटेवर एक सरकार संपून दुसरं सुरू व्हायचं.

सोलापूर मुंबई प्रांतात, तर तुळजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. ब्रिटिश हिंदुस्थानात १९१४ च्या मोटार कायद्याने गाडीची नोंदणी आणि चालकाचा परवाना सक्तीचा केला. अठरा वर्षांखालच्यांना गाडी चालवायला बंदी आली. १९३९ ला त्याजागी जास्त सविस्तर कायदा झाला. पण दोन्ही कायदे हद्दीपाशी थांबत. पलीकडे हुकूम निजामाचा, करोडगिरीचे नाके त्याचे, आणि चलनसुद्धा हाली सिक्क्याचं!

मग हा रस्ता एक कसा झाला? सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आजचा धाराशिव, मुंबई राज्याला जोडला गेला. पण नियम एक होण्याचं श्रेय नुसत्या नकाशाला देता येत नाही. संविधानाने मोटारवाहनांचा विषय समवर्ती सूचीत ठेवला, म्हणून संसदेला देशभर एकच कायदा करता आला. वाहनावरचा कर मात्र राज्यांच्या हाती राहिला.

आता युरोप बघा. आपल्यापैकी काहींची मुलं तिकडे गाडीने फिरायला निघतात, तेव्हा आधी देशोदेशीचे नियम ताडून बघतात. १९६८ च्या व्हिएन्ना करारामुळे तिथल्या बहुतेक देशांत रस्त्यावरच्या खुणा सारख्या दिसतात. तरी फ्रान्सच्या महामार्गावर ताशी १३० किलोमीटरची मर्यादा पावसात ११० होते, जर्मनीत कित्येक पट्ट्यांवर मर्यादाच नाही, आणि ऑस्ट्रियात महामार्गासाठी पथकराचा वेगळा पास लागतो.

त्यांना हसायचं कारण नाही. आपल्या कितीतरी घरांची सोयरीक विजयपूर-कलबुर्गीकडची. तिकडची गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवली, की साधारणपणे नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर आलाच. परवाना तोच चालतो, वाहतुकीचे नियम तेच. करापुरती मात्र ती जुनी हद्द अजून आहे. म्हणून निघताना गाडीची कागदपत्रं एकदा बघून घ्या.