दीपकाडी : नाव आणि ओळख

सह्याद्रीच्या पठारांवर आणि कोकणातील जांभ्याच्या सड्यांवर पावसाळ्यात फुलणाऱ्या दीपकाडीचे नाव दीप आणि काडी या शब्दांतून इतके सहज उलगडते, की ते मराठीतच जन्मले असावे असे वाटते. प्रत्यक्षात ‘डिपकाडी’ हे प्रजातीचे, म्हणजे निकटच्या जातींच्या गटाचे, शास्त्रीय नाव मेडिकस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९० मध्ये रूढ केले होते आणि त्याचा मराठीशी काही संबंध नव्हता.

पुढे मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झालेले निकोल अलेक्झांडर डाल्झेल यांनी १८५० च्या सुमारास येथील दोन जातींची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी त्या ‘युरोपेटॅलम’ या प्रजातीत घातल्या. ‘शेपटीची पाकळी’ असा अर्थ असलेले हे नाव काही जातींच्या बाहेरील पाकळ्यांच्या लांबट टोकांवरून पडले होते. ते अधिक बोलके होते, यात शंका नाही. परंतु आधी प्रसिद्ध झालेल्या नावाला मान देण्याच्या नियमानुसार वनस्पतिशास्त्रज्ञ बेकर यांनी दोन्ही जाती डिपकाडीत आणल्या. डाल्झेल यांनी दिलेली ‘मोंटॅनम’ म्हणजे डोंगरी आणि ‘कोंकनेन्स’ म्हणजे कोकणातील ही विशेषणे मात्र टिकली, आणि त्या फुलांचा मुलूख नावातच राहिला.

ही ओळख पक्की होण्यास वेळ लागला, त्याचे कारण कंदाच्या स्वभावात आहे. कांद्यासारखा पापुद्र्यांचा हा मांसल कंद वर्षाचा बराच काळ जमिनीखाली निद्रिस्त असतो, फुले थोडेच दिवस दिसतात, आणि कागदात दाबून वाळवलेल्या नमुन्यात त्यांचा रंग व ठेवण दोन्ही हरवतात. डोंगरी जातीचे फूल आखूड नळीचे व हिरवट पांढरे, तर कोकणी जातीचे शुभ्र व लांब नळीचे. हा ताज्या फुलात उघड दिसणारा भेद वाळल्यावर निम्मा पुसला जातो. म्हणूनच नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर रंग, स्थळ व तारीख लिहून ठेवणाऱ्या संग्राहकाचे ऋण फार मोठे आहे.

रानकांद्याशी होणारा घोटाळा त्या मानाने सहज सुटतो. रानकांदा उन्हाळ्यात, पाने येण्यापूर्वी फुलतो आणि त्याच्या पाकळ्या जवळजवळ सुट्या असतात, तर दीपकाडीची फुले अरुंद पानांच्या सोबतीने येतात आणि त्यांच्या सहा पाकळ्या तळाशी जुळून नळी बनते.